परदेशी भाड्याची मोटार आणि विम्याचे कलम


करारात काय दिले यापेक्षा काय वगळले, ते आधी वाचावे, असे मी कामगारांना नेहमी सांगतो. आइसलंडमध्ये मोटार भाड्याने घेतानाही हाच न्याय. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तेथे कायद्यानेच असतो. भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण वेगळे. त्यातही ठरावीक रक्कम आपल्याच माथी राहते. रोज थोडे अधिक भरून ती कमी करता येते. उडत्या खडीने फुटलेली काच, वाळूच्या वादळाने खरवडलेला रंग, यांची कलमे निराळी. नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरले, तर बहुधा सारा खर्च आपलाच. तेव्हा आधी वाट ठरवा, मग संरक्षण निवडा. ‘संपूर्ण’ या शब्दावर विसंबून सही करू नका. सहीनंतर वाटाघाट नसते.