पोरगी दोन तास बसणार कुठे?



लोणावळ्याजवळच्या वाडीतली एक मुलगी पुण्याला चित्रकला शिकते. लोकलनं ये-जा करते. रोज स्केचिंग करायचं, समोर बसून, भराभर, हा तिथला पहिला धडा. तिनं मला दोन वह्या दाखवल्या. एकीत चूल, कळशी, निजलेली आजी, भात लावणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठी. दुसरीत लोकलचा बायकांचा डबा. हात सुरेख आहे. पण लोणावळ्याचा बाजार नाही, फलाट नाही. वर्गातली मुलं रात्रीपर्यंत फलाटावर बसून माणसं काढतात. ही बसली, की लगेच 'कुणाची वाट बघतेस गं?'

इंटरमिजिएटच्या परीक्षेमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, तोवर घरी कौतुक. मग रंगांचा खर्च दिसू लागतो. अंबिका धुरंधर १९३१ साली जे. जे.मधून पदविका घेऊन बाहेर पडल्या, पण त्यांचे वडील स्वतःच नामवंत चित्रकार होते.

आमच्या मुलीला पुढे मोठी भित्तिचित्रं करायची आहेत. त्यासाठी कार्ल्याच्या चैत्यगृहाबाहेरची स्त्री-पुरुषांची जोडशिल्पं काढायचीत. त्या लेण्यांना दान देणाऱ्या भिक्षुणींची नावं तिथं कोरलेली आहेत, आणि हिला तिथं एकटीनं बसता येत नाही!

'भावाला सोबत ने', हा तोडगा मला पटत नाही. त्याला कंटाळा आला, की वही मिटायची. त्यापेक्षा आपणच पाळी लावू. रविवारी दोघीतिघींनी तिच्याबरोबर जायचं. शेंगा सोला, गप्पा मारा. फक्त 'झालं का?' असं विचारू नका. येत्या रविवारी कोण येतंय?