रस्त्यावरील जीवदया
(सुवर्णमहोत्सवी सांगता समारंभातील भाषण)



आपल्या न्यासाने गेल्या पन्नास वर्षांत पांजरपोळ, शिष्यवृत्ती आणि रुग्णसाहाय्य ही कार्ये निष्ठेने चालवली. सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, याचा विचार सध्या सुरू आहे. काहींच्या मनात भव्य कमान आहे. त्या सूचनेचा अनादर न करता मी एक वेगळी विनंती करण्यासाठी उभा आहे. या निधीचा काही भाग रस्ता सुरक्षेसाठी राखून ठेवावा, ही ती विनंती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 11 लाख 90 हजार माणसे रस्ते अपघातांत मृत्यू पावली. त्यांतील 92 टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आहेत. 2022 मध्ये भारतात 1 लाख 68 हजारांहून अधिक आणि एकट्या महाराष्ट्रात 15 हजारांहून अधिक व्यक्ती रस्त्यावर दगावल्या. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला आपला अहिल्यानगर जिल्हा या दुःखापासून दूर नाही. नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीचे पदयात्री चालतात, गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या चालतात, आणि त्याच रस्त्याने आपले साधु-साध्वी विहार करतात. ज्या भूमीत आचार्य आनंदऋषिजी महाराजांचा जन्म झाला, तेथे तरी पायी चालणाऱ्याच्या जिवाचे मोल कोणाला समजावून सांगावे लागू नये.

आपल्या धर्मात ईर्या समिती सांगितली आहे. चार हात पुढची भूमी पाहून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, हा तिचा आशय. मुंगी वाचावी म्हणून जो समाज खाली पाहून चालतो, त्याच समाजातील मंडळी गाडीच्या चाकामागे बसल्यावर ही समिती विसरतात. हे मी स्वतःला वगळून बोलत नाही.

मदत कशी करावी, हा खरा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी मी व माझ्या काही मित्रांनी वर्गणी काढून शंभर हेल्मेटे वाटली. हार-तुरे झाले, छायाचित्रे निघाली. सहा महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा बहुतेक हेल्मेटे माळ्यावर पडलेली आढळली. किती जणांनी ती वापरली, किती जीव वाचले, याची मोजदाद आम्ही कधी ठरवलीच नव्हती. दान झाले, कार्य झाले नाही.

याउलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जणांचा मृत्यू झाला होता. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, महिंद्र अँड महिंद्र, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी एकत्र येऊन अपघाती मृत्यू शून्यावर आणण्याचा संकल्प केला. अपघात झालेल्या जागा तपासल्या गेल्या, कडेचे धोके झाकले गेले, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मालमोटारींवर लक्ष ठेवले गेले, जखमींपर्यंत मदत लवकर पोहोचावी अशी व्यवस्था बसवली गेली. 2020 पर्यंत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेतील ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजनेही 2015 पासून मुंबईच्या रस्ता सुरक्षा कार्याला साहाय्य केले, ते मुख्यतः तज्ज्ञ, आकडेवारी आणि प्रशिक्षण यांसाठी.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रस्ता बांधणे शासनाचे काम आहे, आणि त्याच्या कोट्यवधींपुढे आपली देणगी म्हणजे समुद्रात ओंजळ. परंतु नेमक्या जागी पडलेली ओंजळ रोप जगवते. शासनाचा पैसा जेथे पोहोचत नाही, किंवा ज्याच्या अभावी तो योग्य जागी वळत नाही, तेथे आपले अनुदान असावे.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ऊस वाहतुकीच्या गाड्यांना मागील बाजूस प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावण्याचे काम साखर कारखान्यांच्या सहकार्याने करावे. पट्टी हाती देऊन चालणार नाही. गव्हाणीपाशी ती लावली जावी आणि हंगामाच्या मध्यास पुन्हा तपासली जावी. विहारसेवेच्या युवकांनाही चकाकणारी जाकिटे द्यावीत.

दुसरी, ढाबेवाले, पेट्रोल पंपावरील कामगार आणि रस्त्याकाठचे दुकानदार यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली. 2025 मध्ये केंद्र शासनाने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. ही माहिती ढाब्यावरच्या मुलापर्यंत पोहोचली, तर तो पोलिसांच्या भीतीने मागे हटणार नाही.

तिसरी, अपघातांची नोंद ठेवावी. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू अथवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठरते. आपल्या परिसरातील अशा जागांची माहिती गोळा करून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे चिकाटीने पाठपुरावा करावा. या कामी खर्च अल्प आहे. चिकाटी मात्र पुष्कळ लागेल.

आणि एक अट. प्रत्येक रुपयाबरोबर आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा मागावा. तीन वर्षांत फरक दिसला नाही, तर तसे प्रांजळपणे मान्य करून मार्ग बदलावा. व्यापारात आपण हिशेब चोख ठेवतो. दानातही तो तितकाच चोख असावा.

सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. कमानीवर आपली नावे कोरली जातील. वाचलेल्या माणसाला मात्र बहुधा ठाऊकही नसेल की आपला जीव कोणामुळे वाचला. तो रात्री सुखरूप घरी पोहोचेल, एवढेच. सुवर्णमहोत्सवाला यापेक्षा मोठी शोभा मला सुचत नाही.

विश्वस्त मंडळाने या विनंतीचा सहानुभूतीने विचार करावा. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!