सागरातील आपले सोयरे



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की वाशीत देवमाशांचे काय काम? येथे कांदा-बटाट्याचा भाव विचारावा, लोकलची वेळ विचारावी. देवमाशाची विचारपूस करावयास सवड कुणाला आहे? पण १९९२ साली लोकलगाडी मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली, तेव्हापासून आपण सारे रोज काही क्षण समुद्रावरूनच जात-येत असतो. पुलाखालचे गढूळ पाणी ठाण्याच्या खाडीचे, पुढे तेच मुंबई बंदराचे आणि त्याच्याही पुढे अरबी समुद्राचे. मध्ये कोठे दार नाही की उंबरठा नाही. या एकाच पाण्यात आपले काही सोयरे राहतात. त्यांची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू.

सोयरे हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. देवमाशाला 'मासा' म्हणून आपल्या भाषेने आपली थोडी फसगत केली आहे. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. त्याचे रक्त उष्ण असते. मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते. डॉल्फिन श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो, हे ग्रीसच्या अॅरिस्टॉटललाही ठाऊक होते; तरी शास्त्रीय वर्गीकरणात लिनीअसने या प्राण्यांना माशांतून काढून सस्तनांत बसविले ते १७५८ साली. यांचे पूर्वज चार पायांनी जमिनीवर हिंडत होते. सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशांचे अवशेष आपल्या शेजारच्या कच्छात सापडले आहेत. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवितो, देवमासा वर-खाली हलवितो. धावणाऱ्या चतुष्पादाचा कणा जसा वर-खाली लवतो, तीच ही चाल. पाय गेले, पण चाल राहिली!

आता प्रश्न असा, की जमिनीवरचा प्राणी समुद्रात नांदतो कसा? त्याच्यापुढे तीन अडचणी होत्या : श्वास, थंडी आणि अंधार.

प्रथम श्वास. यांची नाकपुडी सरकत सरकत डोक्याच्या माथ्यावर आली आहे. माथा जरासा वर काढला, की हवा बाहेर टाकून नवी आत घेता येते. आपण एका श्वासात फुप्फुसातील थोडीशीच हवा बदलतो. डॉल्फिन बहुतेक सारी बदलतो. शिवाय तो प्राणवायू रक्तात आणि स्नायूंतही साठवितो, आणि बुडी मारताना हृदयाचे ठोके मंद करतो. या बळावर स्पर्म जातीचा देवमासा किलोमीटरहून अधिक खोल जातो आणि तासभर खाली राहू शकतो. पण गंमत अशी, की आपला श्वास झोपेतही आपोआप चालतो, तर डॉल्फिनला प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. म्हणून त्याचा मेंदू अर्धा-अर्धा झोपतो. एक बाजू विसावते, दुसरी पहारा करते.

दुसरी अडचण थंडीची. समुद्राचे पाणी शरीराची ऊब भराभर ओढून घेते. केसांचे पांघरूण पाण्यात फारसे कामाचे नाही, म्हणून कातडीखाली चरबीचा जाड थर आला. मातेचे दूधही तसेच दाट व स्निग्ध. निळ्या देवमाशाचे पिलू जन्मतःच सुमारे सात मीटर लांब असते आणि त्या दुधावर दिवसाला जवळजवळ ९० किलो वाढते.

तिसरी अडचण अंधाराची. पुलावरून खाडीकडे पाहणाऱ्याला ती निराळी सांगावयास नको. पण पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. डॉल्फिन टकटक असे सूक्ष्म आवाज सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून कानाकडे नेतो. मासा कोठे, खडक कोठे, हे त्याला ऐकून कळते. आपल्या किनाऱ्याजवळचा कुबडवाला डॉल्फिन, ज्याला मालवणाकडे 'गादा' म्हणतात, अशाच उथळ, गढूळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहतो. तो खोल समुद्राचा पाहुणा नव्हे, आपला शेजारी आहे.

मोठ्या देवमाशांचीही एक हकीकत सांगतो. अरबी समुद्रातील कुबडे देवमासे इतर समुद्रांतल्या आपल्या भाऊबंदांप्रमाणे ध्रुवाकडे जात नाहीत; बारा महिने येथेच राहतात. २०१७ साली ओमानजवळ एका मादीच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र लावले होते. तिचे नाव 'लुबान', म्हणजे ऊद. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या पाण्यात आली, दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत गेली आणि परत ओमानला पोहोचली. १९६६ साली याच समुद्रात सोव्हिएत जहाजांनी या जातीचे दोनशेहून अधिक देवमासे मारले. ओमानच्या किनाऱ्यावर आज त्यांची संख्या शंभराच्याही आत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

श्रोतेहो, शिकारी जहाजे गेली, पण संकट गेले नाही. ज्या श्वासावर हा प्राणी जगतो, त्याच श्वासाने तो मरतो. पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे नायलॉनचे बारीक जाळे त्याला वेळीच उमगत नाही. तो अडकला, की मासा होऊन सुटत नाही. हवेसाठी वर येता येत नाही, म्हणून पाण्यातच गुदमरतो. ज्या कानावर तो जगतो, तो कान जहाजांच्या यंत्रांच्या घरघरीने बधिर होतो. आणि जो किनाऱ्याला लागला, त्याला पाण्याचा आधार सुटल्यावर स्वतःचेच वजन चिरडते. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटांचा निळा देवमासा असाच किनाऱ्यावर येऊन मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला आलेले पिलू लोकांनी चाळीसहून अधिक तास खपून समुद्रात नेले. तेही पुढे वाचले नाही. त्या लोकांचे श्रम मात्र आम्ही व्यर्थ मानीत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग दोष कोळ्यांचा. आम्हांस हे मान्य नाही. वाशीगाव, सारसोळे, दिवाळे येथे ज्यांच्या पिढ्या या खाडीवर जगल्या, त्यांना विचारा. गादा जाळ्यातला मासा पळवितो, जाळे फाडतो, आणि जाळे म्हणजे त्यांचे भांडवल. एका जिवासाठी ते कापावे, हे किनाऱ्यावर बसून सांगणे फार सोपे आहे. म्हणून २०१८ साली महाराष्ट्र शासनाने जी योजना सुरू केली, ती आम्हांस मोलाची वाटते. संरक्षित सागरी प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे तीत ठरले. दयेचा सगळा भार गरिबाने एकट्याने का उचलावा?

आपल्याकडून तरी काय व्हावे? किनाऱ्यावर असा प्राणी जिवंत दिसला, तर वनखात्याला ताबडतोब कळवावे. अंगावर ओले कापड घालावे, पण माथ्यावरची नाकपुडी झाकू नये, तीत पाणी ओतू नये. शेपटीला दोर बांधून ओढू नये. आणि पुलावरून जाताना निर्माल्याची पिशवी खिडकीतून खाली टाकू नये. ती जेथे पडते, ते कुणाचे तरी घर आहे.

उद्या सकाळी गाडी पुलावर आली, की क्षणभर खाली पाहावे. गादा दिसेलच असे नाही. पण त्याच पाण्यात पुढे कोठेतरी आपल्यासारखेच एक उष्ण रक्ताचे, लेकुरवाळे प्राणी हवेसाठी माथा वर काढीत असेल, एवढे आठवले तरी आमच्या बोलण्याचे सार्थक झाले.