प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक : स्वतंत्र चित्रकादंबरी आणि परीक्षणाचे कार्य

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे त्यांतील दुसरे सूत्र. आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे तिसरे. दुसऱ्या सूत्राची चर्चा पुष्कळ होते. तिसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते. ज्या प्रकाशकाजवळ जाहिरातीला पैसा नाही, त्याच्या ग्रंथाला वाचक कोणी शोधून द्यावयाचा, हा प्रश्न या सूत्रातूनच उभा राहतो. स्वतंत्र चित्रकादंबरीच्या, म्हणजेच ग्राफिक नॉव्हेलच्या बाबतीत तो विशेष तीव्र आहे.

याची कारणे आर्थिक आहेत. चित्रकादंबरीचे एकेक पान तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. छपाई महाग असते. प्रती थोड्या निघाल्या की प्रतीमागे खर्च वाढतो आणि छापील किमतीचा मोठा हिस्सा वितरक व विक्रेता यांच्याकडे जातो. त्यातच चित्रे दिसली की ग्रंथ बालविभागात ठेवण्याची प्रवृत्ती असते. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार वर्णिले : ज्यांचा दर्जा खरेदीपूर्वी पारखता येतो त्या, आणि ज्यांचा दर्जा वापरल्यावरच कळतो त्या. ग्रंथ हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. अपरिचित लेखकाच्या महाग ग्रंथावर पैसे खर्च करताना ग्राहकाला कोणाच्या तरी अनुभवाचा आधार हवा असतो. वृत्तपत्रातील परीक्षण आणि मित्राची तोंडी शिफारस हा आधार पुरवितात. माहितीची उणीव भरून काढणारी ती एक सामाजिक व्यवस्थाच होय.

या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोन्ही एकाच उदाहरणातून स्पष्ट होतात. चित्रकार ओरिजित सेन यांची 'रिव्हर ऑफ स्टोरीज' ही चित्रकादंबरी १९९४ मध्ये 'कल्पवृक्ष' या पर्यावरणविषयक संस्थेने प्रसिद्ध केली. नर्मदा खोऱ्यातील धरण, विस्थापन आणि आदिवासींची निर्मितीकथा हा तिचा विषय. महाराष्ट्राला तो परका नाही. सरदार सरोवर प्रकल्पामुळे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. पुस्तकाच्या प्रती थोड्या होत्या. त्या संपल्या आणि पुस्तक दुकानांतून नाहीसे झाले.

पुढे २००४ मध्ये सारनाथ बॅनर्जी यांची 'कॉरिडॉर' ही चित्रकादंबरी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने काढली. तिचा उल्लेख भारतातील पहिली चित्रकादंबरी असा सर्रास होऊ लागला. बाजारात जे उपलब्ध नाही ते इतिहासातूनही पुसले जाते, याचे हे बोलके उदाहरण आहे. तथापि ज्यांनी सेन यांचे पुस्तक वाचले होते त्यांनी त्याचा विसर पडू दिला नाही. अभ्यासकांचे लेख, व्यंगचित्रकारांच्या मुलाखती, जाणकारांची संभाषणे यांतून त्याचे नाव घेतले जात राहिले आणि पहिलेपणाचा मान त्याला परत मिळाला. अखेर २०२२ मध्ये चेन्नईच्या 'ब्लाफ्ट' या छोट्या प्रकाशनसंस्थेने त्याची नवी आवृत्ती काढली. तमिळ रहस्यकथांचे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये काढून आणि २०१२ मध्ये 'द ऑब्लिटररी जर्नल' हा चित्रकथासंग्रह प्रसिद्ध करून या संस्थेने आपला वाचकवर्ग हळूहळू जमविला होता. नर्मदेची कथा अशा रीतीने अठ्ठावीस वर्षांनी चेन्नईमार्गे वाचकांकडे परतली.

चेन्नईत हे घडावे यात नवल नाही. दक्षिण भारतातील ग्रंथविक्रेते व प्रकाशक यांच्या संघटनेतर्फे १९७७ पासून भरणारे तेथील पुस्तक प्रदर्शन हा जानेवारी महिन्यातील मोठा सांस्कृतिक सोहळा असतो. शिवकाशीहून निघणारी 'मुथु कॉमिक्स' (१९७२) व 'लायन कॉमिक्स' (१९८४) यांनी युरोपीय चित्रकथा तमिळमध्ये आणल्या. त्यांचे बालवाचक आज प्रौढ झाले असून आगाऊ वर्गणी भरतात आणि मित्रांनाही वाचनाची गोडी लावतात. चेन्नईच्याच 'तारा बुक्स'ने (स्थापना १९९४) बंगालच्या पटचित्रकार मोयना चित्रकार यांच्यासह 'सीताज् रामायण' २०११ मध्ये काढले. ते 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या सर्वाधिक खपाच्या चित्रग्रंथांच्या यादीत गेले.

आता मर्यादांचा विचार करू. अठ्ठावीस वर्षांचा काळ थोडा नव्हे. त्या काळात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला, २०१७ मध्ये सरदार सरोवर राष्ट्राला अर्पण झाले आणि एक पिढी मोठी झाली. ज्या वर्षांत या पुस्तकावर चर्चा व्हावयास हवी होती, त्या वर्षांत ते सामान्य वाचकाला मिळत नव्हते. शिफारस नाव जिवंत ठेवते, प्रत हाती देऊ शकत नाही. शिवाय तोंडी शिफारस आपल्याच वर्तुळात फिरते. महानगरातील इंग्रजी वाचकांकडून ती धडगावच्या आश्रमशाळेपर्यंत आपोआप पोचत नाही.

दुसरा धोका विश्वासार्हतेचा आहे. पैसे घेऊन लिहिलेले परीक्षण ही जाहिरातच असते, फक्त ती लपलेली असते. आंतरजालावरील ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, ते अशाच अनुभवातून. लहान प्रकाशकाच्या प्रेमापोटी केलेली अवास्तव स्तुतीही हानिकारकच ठरते. एकदा फसलेला वाचक पुढच्या चांगल्या पुस्तकावरही विश्वास ठेवीत नाही. चित्रकादंबरीच्या परीक्षणात केवळ कथानक सांगून भागत नाही. रेषा, चौकटींची मांडणी, चित्र व शब्द यांचे नाते यांविषयीही प्रामाणिकपणे लिहावे लागते.

म्हणूनच शिफारशीला संस्थेची जोड हवी. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नईच्या कोन्नेमारा ग्रंथालयासह अन्य तीन ग्रंथालयांना द्यावयाची असते. यामुळे ग्रंथ जतन होतो. तो वाचला जावा यासाठी मात्र जिल्हा व तालुका ग्रंथालयांनी खरेदीच्या यादीत स्वतंत्र चित्रकादंबऱ्यांना जागा दिली पाहिजे, भाषांतरांना उत्तेजन दिले पाहिजे आणि नियतकालिकांनी त्यांच्या परीक्षणांसाठी पान राखले पाहिजे. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. साधने आहेत, त्यांचा उपयोग व्हावयास हवा.

मित्रहो, परीक्षेच्या तयारीत विकास आणि विस्थापन हा विषय आकडेवारीतून अभ्यासला जातो, आणि ते आवश्यकच आहे. त्याच विषयावरील एखादी चित्रकादंबरी वाचनात आली, तर तिचे गुणदोष चार वाक्यांत लिहून सहाध्यायांपुढे ठेवावेत. त्यातून विश्लेषणाचा सराव होईल. आणि कोठेतरी मागे पडलेल्या एका ग्रंथाला त्याचा वाचकही भेटेल.