चतकोर गोळीचा हिशेब

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची 400 मिलीग्रॅमची गोळी चघळायला देतात. ती आता घरोघरी ओळखीची झाली आहे. म्हणूनच परसातल्या कोंबडीचा तुरा फिका पडला, छातीचे हाड हाताला बोचू लागले, की उरलेल्या गोळीचा चतकोर तुकडा चुरून पाण्याच्या भांड्यात टाकला जातो. अल्बेंडाझोल कोंबडीलाही चालते, यात वाद नाही. पण हिशेब करून पाहा. गावठी कोंबडी दीड किलोची, किलोला 10 मिलीग्रॅम धरले तर तिला लागते 15 मिलीग्रॅम. चतकोर गोळीत 100 असते, म्हणजे सहा कोंबड्यांना पुरून उरेल इतके. ते एकीच्याच पोटात गेले तर सहापटीहून जास्त, वीसजणींत वाटले गेले तर लागते त्याचा तिसरा हिस्सा. त्यात हे औषध पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. खुराड्यातली दांडगी कोंबडी आधी येऊन वरचे पाणी पिते, आणि जी खरोखर जंतांनी खंगली आहे ती भांड्याकडे फारशी फिरकतच नाही. ज्या कोंबडीसाठी खटाटोप केला तिलाच औषध सर्वांत कमी मिळते.

कमी तर कमी, निदान अपाय तरी नाही ना, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. अर्धवट डोसात कमजोर जंत मरतात, दणकट उरतात आणि पुढची वीण त्यांचीच होते. शेळ्या-मेंढ्यांत नेमके असेच होऊन याच जातीची औषधे कितीतरी कळपांवर चालेनाशी झाली आहेत. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये पाण्यातून औषध देणे भाग पडते. दहा-पंधरा कोंबड्यांच्या घराला तशी काही सक्ती नाही. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्या की एकेक धरावी, ताणकाट्याला पिशवीत टांगून वजन घ्यावे आणि द्रवरूप औषध बाटली चांगली हलवून, बिनसुईच्या सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब थेंब द्यावे. घाईने घशात ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. एवढा उपद्व्याप कोण करणार? पंधरा कोंबड्यांना तासभर लागतो, आणि तोही वर्षातून तीन-चारदा.

मात्र त्याआधी जंत आहेत की नाहीत हे कळायला हवे. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ती बहुधा रक्ती हगवण. तो आजार एकपेशीय परजीवींचा, जंताचे औषध तिथे काही करत नाही. मान वाकडी पडली, पाय लुळे झाले, तर मानमोडीची शंका घ्यावी. जंतांतही भेद आहेत. पिपराझिन मोठ्या गोलकृमींवर चालते, तेही पूर्ण वाढलेल्यांवरच. पट्टकृमींना त्याने धक्का लागत नाही. म्हणून ताजी विष्ठा काडेपेटीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसली की कोणते औषध, किती आणि पुन्हा केव्हा, हे डॉक्टर ठरवतील. मानमोडीच्या लसीआधी आठवडाभर जंत पाडून घेण्याचा सल्ला देतात, त्याची तारीखही तेव्हाच विचारून घ्यावी.

खरी अडचण अंड्यांची आहे, आणि ती खोटी नाही. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, उकडल्याने तो हमखास जात नाही. लेबलावर जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत, उबवायलाही ठेवायची नाहीत; लेबल गप्प असेल तर डॉक्टरांना विचारायचे. रोजच्या अंड्यांवर मीठमिरची भागवणाऱ्या बाईला हे जड जाते. त्यावर तोड आहे. तलंगांना पहिले अंडे यायच्या आधी औषध द्यावे. पिल्ले घेऊन फिरणारी कोंबडी काही आठवडे अंडी देत नाही, तिचा डोस तेव्हा उरकावा. पिसे झडण्याचा काळही अंड्यांवाचून जातो, पण फेनबेंडाझोल तेव्हा टाळावे, नवी पिसे वेडीवाकडी येतात. लसूण, कडुनिंब, पळसाच्या बिया यांचे म्हणाल, तर पळसबीला आयुर्वेदात कृमिघ्न म्हटलेच आहे; फक्त किती द्यायची आणि जंत खरेच पडले का, हे कोणी मोजून पाहत नाही. तंबाखूचे पाणी मात्र कदापि नको. पूर्वी निकोटिन कोंबड्यांच्या जंतांवर वापरत असत, पण जंत मारणारी मात्रा आणि कोंबडी मारणारी मात्रा फार जवळजवळ आहेत.

आणि औषधाने पोट साफ झाले तरी खुराड्याची जमीन तशीच राहते. गोलकृमीची अंडी ओलसर, उबदार जागी दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि मातीत कित्येक महिने टिकतात. गांडुळाच्या पोटातूनही ती कोंबडीकडे परत येतात. पट्टकृमी मुंग्या आणि भुंगेऱ्यांतून येतात. चुन्याने ओल कमी होते, पण ही अंडी मारायला कडक ऊन आणि कोरडेपणा लागतो. तेव्हा औषध दिल्याच्या तिसऱ्या दिवशी खुराड्यातला सगळा भुस्सा काढा, कोंबड्या चरतात त्या उकिरड्यावर न टाकता वेगळ्या खड्ड्यात पुरा, आणि पावसाळा लागण्यापूर्वी खुराडे दोन दिवस उन्हात उलटे करून ठेवा.