लेबलचा रंग पक्का करून घेताना

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

गावोगावच्या बचत गटांतल्या सगळ्या ताई, काकू, मावशी आणि मैत्रिणींनो, मी नागपूरच्या धरमपेठेतून बोलते आहे. गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज आपल्या पाकिटावरच्या लेबलबद्दल बोलायचं आहे. गिऱ्हाईक तिखट चाखून घेत नाही, आधी पाकीट बघतं. म्हणून लेबलचा रंग ही हौसेची बाब नाही, तो आपल्या मालाबद्दलचा पहिला शब्द आहे.

आमच्यावर काय गुजरलं ते आधी सांगते. भिवापूर भागातला आमचा एक गट तिखट करतो. तिकडच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, रंगाला ती लालभडक. आम्ही ३००० लेबलं छापायला दिली. डिझाइन मोबाईलवर आलं, सगळ्यांनी बघितलं, ‘छान आहे’ म्हणून अंगठे दाखवले. लेबलं आली ती विटकरी. प्रदर्शनात एका बाईंनी पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, “हे मागच्या वर्षीचं तिखट आहे का?” तिखट आठ दिवसांपूर्वी कांडलेलं होतं! गटातल्या काकूंचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो.

दुसऱ्यांदा आम्ही छापखान्यात सांगितलं, “शाई वाढवा, गडद करा.” त्यांनी वाढवली. गठ्ठा सोडला तर लेबलं एकमेकांना चिकटलेली, मागच्या बाजूला लाल डाग, अक्षरं भरून गेलेली. दोन्ही वेळचे मिळून गटाच्या खात्यातले पंधरा हजार रुपये गेले. भांडायला गेलो, पण हातात काय होतं? सही केलेला नमुना नव्हता, लिहून दिलेलं काही नव्हतं. छापखान्याची जितकी चूक होती, तितकीच आमचीही होती.

मग दुसऱ्या एका छापखान्यात मशीनवर काम करणाऱ्या दादांजवळ उभं राहून मी समजून घेतलं. त्यांनी भिंग दिलं आणि म्हणाले, “ताई, लाल रंगात लाल शोधा.” बघते तर नुसते बारीक ठिपके! गुलाबी आणि पिवळे, एकावर एक. ऑफसेट छपाईत साधारणपणे चारच शाया असतात. निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पिवळीवर मॅजेंटा पडली की लाल दिसतो, पिवळीवर सायन पडली की हिरवा. आमच्या लालमध्ये सायन आणि काळी जास्त मिसळली होती, म्हणून तो विटकरी झाला. ती खोट डिझाइनमध्येच होती. मशीनवर कितीही शाई ओतली असती तरी विटकरीचा लाल झाला नसता, गडद विटकरी झाला असता.

आता ही छपाई चालते कशी? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर. प्लेटवर जिथे अक्षर किंवा चित्र आहे तिथे तेलकट शाई चिकटते. कोऱ्या जागी पाणी बसतं आणि ते शाईला दूर ठेवतं. प्लेटवरची शाई आधी रबरी कापडावर उतरते आणि तिथून कागदावर, म्हणून नाव ऑफसेट. हे तेल-पाण्याचं तंत्र जुनं आहे, पूर्वी ते दगडावर चालायचं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी अशाच छापखान्यांतून घरोघरी आल्या. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड लागायचा, आज एकेका रंगाला वेगळी प्लेट लागते.

कणीक भिजवताना पाण्याचा अंदाज चुकला की काय होतं, आपल्याला माहीत आहे. इथेही तसंच. पाणी जास्त झालं तर रंग पुळचट येतो. कमी झालं तर कोऱ्या जागेवरही शाईचे मळकट डाग येतात. म्हणून दाट रंग हवा असेल तर नुसती शाई वाढवून भागत नाही, शाई आणि पाण्याचा मेळ बसावा लागतो. कागदावरचा शाईचा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. तो जाड केला की वाळत नाही, ठिपके पसरतात आणि एका कागदाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते.

एक हिशेब लक्षात ठेवा. प्रत्येक शाई पूर्ण म्हणजे १०० टक्के धरली तर चार शायांचे होतात ४००. गुळगुळीत आर्ट पेपरवर एका जागी सगळ्या शाया मिळून साधारण ३०० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. साध्या कागदावर त्याहून कमी. आपला डिझाइनर लेबलच्या मागे गडद काळपट रंग भरत असेल तर त्याला विचारा, “दादा, एकूण शाई किती टक्के होते?”

कागदाचंही तसंच आहे. साधा कागद शाई पितो, रंग बसका दिसतो. गुळगुळीत कागदावर शाई वर राहते, रंग उठून दिसतो. कागद पिवळट असला तर त्यावरचे सगळेच रंग पिवळट दिसतात. म्हणून नमुना त्याच कागदावर मागा ज्यावर लेबल छापायचं आहे. आणि नमुना वाळू द्या, ओल्या शाईची चमक वाळल्यावर थोडी उतरते.

मोबाईलवर बघून रंग कधीच पास करू नका. मोबाईल उजेडातून रंग दाखवतो, कागद शाईतून. संत्र्याचा झगमगता नारिंगी मोबाईलवर दिसतो तसा चार शायांतून येत नाही. तोच हवा असेल तर तयार मिसळलेली पाचवी शाई, म्हणजे स्पेशल कलर घ्यावा लागतो. त्याची प्लेट वेगळी आणि खर्चही वेगळा. नमुना बघायचा तोही पिवळ्या बल्बखाली नाही. साडीच्या दुकानातून आपण साडी दाराशी नेऊन बघतो ना? तसा नमुना दिवसाच्या उजेडात बघा, जवळ आपलं तिखट वाटीत घेऊन.

बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. वजन, किंमत, तारीख, अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, हे सगळं चार रंगांत छापलं आणि एक प्लेट जराशी सरकली की अक्षर दुहेरी दिसतं आणि वाचता येत नाही. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. तो हिरवाच दिसला पाहिजे, काळपट किंवा तपकिरी नको, कारण गिऱ्हाईक त्या खुणेवर विसांबून माल घेतं.

आता पुढच्या वेळी काय करायचं? ऑर्डर देताना कागद, नग, रंग आणि दर लिहून घ्या. खऱ्या कागदावरचा नमुना मागा, दोघींनी बघा, तारीख टाकून सही करा. एक प्रत छापखान्यात, एक गटाच्या फाईलमध्ये. छपाई सुरू होताना एकीने तिथे जा. पहिले काही कागद रंग जुळवण्यात वाया जातातच, त्याला घाबरू नका. कागदाच्या कडेला रंगांची पट्टी छापायला सांगा. छापखान्यात डेन्सिटोमीटर असेल तर त्या पट्टीवरून रंगाचा दाटपणा आकड्यात मोजता येतो. ते आकडे आपल्या नमुन्यावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीची लेबलंही तशीच येतील. आणि शे-दोनशेच लेबलं हवी असतील तर प्लेटचा खर्च करू नका, डिजिटल छपाई परवडते.

तिसऱ्यांदा आम्ही असंच केलं. डिझाइनमधली सायन आणि काळी कमी करून घेतली आणि शाई नेहमीइतकीच ठेवली. काकू तिखटाची पुडी घेऊन मशीनजवळ उभ्या होत्या. पहिला कागद बघून म्हणाल्या, “अजून लाल हवं.” दादांनी पाणी जरा कमी केलं, दुसरा कागद आला. काकूंनी पुडी त्यावर ठेवली, दाराशी उजेडात नेली आणि सही केली. ती सही आमच्या फाईलमध्ये आहे.

मैत्रिणींनो, पैसा आपल्या घामाचा आहे. छापखान्यात प्रश्न विचारायला लाजू नका. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत जुनी दोन लेबलं उजेडात शेजारी ठेवून बघा, आणि काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.