मोरचूद : निळा खडा, जपून हाताळा

शाळेच्या प्रयोगशाळेत नजर आधी जाते ती मोरचुदाच्या बाटलीकडे. कॉपर सल्फेटचे हे निळेशार स्फटिक परीक्षानळीत तापवले की त्यातलं पाणी उडून पांढरी भुकटी उरते, आणि थेंबभर पाणी टाकताच निळाई परतते. त्या क्षणी भुकटी चांगलीच तापते, हे मात्र बरेचदा सांगायचं राहून जातं. नळीचं तोंड कुणाच्या चेहऱ्याकडे नको. पांढरी झाली की ज्योत काढा. फार तापवली तर भुकटी काळी पडते आणि घशाला झोंबणारे गंधकाचे वायू निघतात.

मोठा धोका डोळ्यांना. कण गेला तर कायमची इजा होऊ शकते. म्हणून चष्मा हवाच. नंबरचा नव्हे, संरक्षक. तरीही कण गेलाच तर चोळू नका. वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

पोटात गेल्यास उलट्या होतात; मात्रा जास्त असेल तर तांबड्या पेशी फुटतात, यकृत आणि मूत्रपिंडंही बिघडतात. एके काळी उलटी करवण्यासाठी डॉक्टरच मोरचुदाचं द्रावण देत. नशीब, ती पद्धत मोडीत निघाली!

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, थोडं तांबंही माशांना मारक ठरतं. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत साठवा. लोखंडी डबा चालणार नाही. तांबं त्याच्यावर बसतं आणि डबाच झिजत जातो.